धाकट्या जावेची चपाती

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या आष्ट्याजवळच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. पावाच्या कडा काढून बारीक तुकडे करायचे, काळ्या द्राक्षांचा रस उकळून गाळायचा, हे काम माझ्याकडे. का, तर म्हणे मी भक्तिमान. म्हणणाऱ्यांनी मला घरात बघितलेलं नाही.

धाकट्या जावेशी मी सहा वर्षं बोलत नव्हते. माझ्या लेकीच्या लग्नात पाहुण्यांसमोर ती म्हणाली होती, "रस्सा न्हवं ह्यो, कृष्णेचा पूर हाय." त्याच दिवशी मी शपथ घेतली, हिच्या घरचं पाणीसुद्धा तोंडात घालणार नाही. मनात अढी ठेवून प्रभूच्या मेजाजवळ येऊ नका, असं पाळकसाहेब दर महिन्याला बजावतात. आम्ही दोघी दोन टोकांना गुडघे टेकून बिनदिक्कत पाव-रस घ्यायचो. सासूबाई मात्र बाकावरच बसून राहायच्या. "तुमी दोघी बोलत न्हाई तवर मी न्हाई घेणार," एवढंच म्हणाल्या होत्या. सहा वर्षं त्या तशाच उठल्या आणि मी निर्लज्जासारखी तुकडे कापत राहिले. यंदा त्यांना पेजसुद्धा जाईना. म्हातारी अशीच जाणार, ह्या धास्तीनं माझी झोप उडाली. तरी तोंड उघडेल तर शपथ.

गेल्या महिन्यात मेज मांडायला डबा उघडला, तर आत नुसत्या कडा. आमच्या मालकांनी सकाळी सगळा पाव चहात बुडवून हाणला होता. कडा तेवढ्या नीट झाकून ठेवल्या होत्या, तेवढीच काय ती श्रद्धा. पाळकसाहेब म्हणाले, "चपाती चालेल. जवळ कोण राहतं?" चर्चच्या भिंतीला लागून धाकटीचंच घर आहे, हे साऱ्या मंडळीला ठाऊक होतं. ती गुमान उठली आणि फडक्यात गरम चपात्या घेऊन आली. माझ्या हातात न देता मेजावर ठेवल्या.

साहेबांनी उपकारस्तुती करून, "हे माझं शरीर आहे," हे प्रभूचं वचन म्हणत चपाती मोडली आणि ताट माझ्यापुढे धरलं. पाणीसुद्धा नाही म्हणाले होते मी, आणि आता तिच्या तव्यावरचा ख्रिस्त समोर. नको म्हणायची काय बिशाद? घेतला. चावताना रडू आलं, तेही आधी रागानंच, कारण चपाती मऊसूत होती.

"मीठ कमी पडलंय," मी तिच्याकडे न बघता म्हणाले.

पलीकडच्या टोकाला धाकटीनं नाक ओढलं. "मग फुडच्या बारीला तुमीच मळा. आमच्यात येऊन."

मागं बाक करकरला. सासूबाई एकेक बाक धरत पुढे येत होत्या. आम्ही दोघी एकदमच उठलो आणि दोन बाजूंनी त्यांना धरलं. साहेबांनी नखाएवढा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी हात तसाच पसरून ठेवला.

"मोठा द्या, सायेब. सहा वर्सांचं ऱ्हायलंय."