झाकून ठेवलेलं दुसरं ताट

शेजारच्या सुमनताईंकडे डबा परत द्यायला गेले, तेव्हा त्या नैवेद्याचं ताट वाढत होत्या. त्यांच्याकडे देवाला दाखवल्याशिवाय कुणी जेवत नाही. ते ताट देवापुढे ठेवून त्यांनी दुसरं घेतलं. त्यात घट्ट वरण, मेथीची भाजी, मटकीची उसळ वाढली, लिंबाची फोड ठेवली आणि वर ताटली झाकली.

"हे कुणाचं गं?" त्यांच्या सासूबाईंनी विचारलं.

"माझं, आई. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त कमी आहे. गोळ्या घेईनच. पण उरलंसुरलं आता खाणार नाही."

मी दारातच थबकले. लोह, प्रथिनं, जीवनसत्त्वं हे सगळं मी शाळेत पाठ केलं होतं. कशात काय असतं ते आजही घडाघडा सांगेन. पण ते घरात कुणापर्यंत पोचतं, हे कुठल्याच धड्यात नव्हतं. आपल्याकडे रांधणारी शेवटी बसते. तोवर उसळ संपलेली असते, वरणात पाणी वाढलेलं असतं, आणि ती भातावर लोणचं घेऊन "मला फारशी भूकच नाही" म्हणते. आपण हे कौतुकानं सांगतो. कौतुकानं रक्त वाढत नाही. त्याला पालेभाजी लागते, कडधान्य लागतं, रोज लागतं. आणि ते मिळायचं तर आधीच काढून ठेवावं लागतं.

सासूबाई त्या झाकलेल्या ताटाकडे बघत राहिल्या. त्याही जन्मभर शेवटीच जेवल्या होत्या. आता सूनबाईला ऐकवणार, असं मला वाटलं.

"मग माझंही काढ," त्या म्हणाल्या.