दारावरची फुली

त्याचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. ड्यूटी सातची, स्टेशन चालत वीस मिनिटांवर, म्हणजे इतक्या लवकर उठायचं काही कारण नव्हतं. पण अग्निशमन दलात बावीस वर्षं काढलेल्या या माणसाचा स्वतःच्याच हातांवरचा भरवसा उडाला होता. ड्यूटीच्या तासभर आधीच स्टेशनात पोचून तो सामान काढायचा: हवेची टाकी, मुखवटा, पट्टे, शिट्टी. एकदा तपासून जागेवर ठेवायचा, आणि पुन्हा उचलायचा.

घरातून निघण्याआधी तो प्रत्येक कपाटामागे हात घालून बघायचा. त्यासाठी सगळी कपाटं त्याने भिंतीपासून वीतभर पुढे ओढली होती.

"अहो, हे घर आहे की गोदाम?" बायको म्हणायची. "मागे झुरळांनी बिऱ्हाड थाटलंय. भाडं तरी घ्या त्यांच्याकडून."

तो हसायचा. कारण सांगायचा नाही.

स्टेशनात त्याला भिंत्या म्हणत. जेवायला जातानाही एक हात भिंतीवर. "सोड की तिला, नाही पळून जात," असं कुणी तरी रोज म्हणायचं. कारण तिथेही कुणाला ठाऊक नव्हतं.

कारण दोन वर्षांपूर्वीचं होतं. एका इमारतीचा तिसरा मजला, भर दुपार, आणि धूर असा की स्वतःचा पंजा दिसेना. धुरात खोली शोधायची रीत ठरलेली आहे. शिरताना दारावर खडूने एक तिरकी रेघ मारायची. डावा हात भिंतीवर ठेवायचा, तो काही झालं तरी उचलायचा नाही. जोडीदार मागे, पट्टा धरून. फेरी पुरी करून दाराशी आलं की आधीच्या रेघेवर दुसरी रेघ मारून फुली करायची. फुली म्हणजे खोली बघून झाली, आत कुणी नाही. त्या खोलीत मग दुसरं कुणी पाऊल टाकत नाही.

त्या खोलीच्या कोपऱ्यात एक कपाट तिरकं उभं होतं. हात भिंतीवरून कपाटावर गेला, कपाटावरून पुढच्या भिंतीवर. मध्ये फट होती, माणूस आडवा होऊन सरकेल एवढी. त्याच्या बोटांना ती लागली. आत हात घालायला दोन श्वास पुरले असते. तो पुढे गेला आणि त्याने दारावर फुली मारली.

पुढच्या खोलीत एक बाई सापडली. तिला पाठीवर घेऊन तो तीन जिने उतरला. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. तासाभराने धूर ओसरला, तेव्हा त्या कपाटामागे तिचा सासरा मिळाला, गुडघे पोटाशी घेतलेला.

अहवालात 'धुरामुळे मृत्यू' असं आलं. याला शाबासकीचं पत्र मिळालं. फुलीबद्दल कुणी विचारलं नाही आणि यानेही तोंड उघडलं नाही.

मग एक दिवस पुठ्ठ्याचं एक गोदाम पेटलं. वरच्या कचेरीच्या खोलीत दोघं शिरले, तो आणि तोच जुना जोडीदार. फेरी झाली, खोली रिकामी. पण फुली मारायला त्याचा हात उठेना. त्याने दुसरी फेरी घेतली. मग तिसरी. टाकीतली हवा संपत आल्याची शिट्टी वाजली. जोडीदार पट्टा ओढत होता आणि हा त्यालाच ओढत होता. अंगाने भरलेल्या जोडीदाराची हवा आधी संपली आणि जिन्यावर त्याच्या छातीत धूर गेला. अकरा दिवस दवाखान्यात काढले त्याने.

"काय शोधत होतास रे?" खाटेवरून जोडीदाराने खोकत विचारलं. "पुरलेला हंडा?"

"तो म्हातारा."

"कुठला म्हातारा?"

त्याने सगळं सांगितलं. जोडीदार कोपरावर रेलून उठला.

"तुला फट लागली होती?"

"लागली होती."

"तेव्हा पट्टा माझ्या हातात होता. दोन वर्षं एका डब्यात जेवलो आपण, भिंत्या. भाजीत मीठ कमी असलं तरी सांगतोस. हे नाही सांगितलंस?"

त्याने पाण्याचा पेला पुढे केला, जोडीदाराने तो बाजूला सारला.

"आता मला सांगून मोकळा होऊ नकोस. साहेबांना सांग. नाहीतर पुढच्या वेळी कुणाला तरी खरंच मारशील."

स्टेशनच्या साहेबांनी उभ्या उभ्या ऐकून घेतलं.

"गाडीवरून उतरवणार मला?"

"उतरवणारच. सध्या टेलिफोनवर बस. आणि दर आठवड्याला समुपदेशनाच्या बाईंकडे जायचं."

"मी वेडा नाही, साहेब."

"गुडघा निखळला असता तर हाडांच्या डॉक्टरकडे गेलाच असतास ना? का तिथे सांगितलं असतंस, मी लंगडा नाही म्हणून?"

'तुमची काय चूक,' असं त्या बाई म्हणतील, असं तो धरून चालला होता. बाई तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "फट लागली, तेव्हा हात का नाही घातला?"

"वाटलं, आत कोण मावणार?"

"खरं तसंच वाटलं?"

पंखा फिरत होता.

"नाही. दमलो होतो."

बाईंनी मान हलवली. त्यांनी त्याला माफ केलं नाही आणि बोलही लावला नाही. पुढच्या आठवड्याची वेळ दिली. नऊ महिने तो गेला. गाडीवर परतला तेव्हा एका फेरीत खोली बघून फुली मारू लागला, फट लागली की कोपरापर्यंत हात घालून. म्हातारा काही डोळ्यांपुढून गेला नाही. फक्त आता तो कामाच्या आड येत नव्हता.

जोडीदार मात्र परतला नाही. छाती कामातून गेली आणि दलाने त्याला घरी बसवलं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की तो जिन्याकडे धावायचा. बाईंची सोय दलातल्या माणसांपुरती होती, आणि तो आता दलात नव्हता; त्याला बैठकीमागे पैसे मोजावे लागणार होते.

"पैसे मोजून रडायला जाऊ?" जोडीदार म्हणाला.

"पैसे मी देतो. तू नुसता चल. शिव्या वाटेत दे."

त्याने आणि बायकोने घराला आणखी एक खोली काढण्यासाठी पगारातून चौदा वर्षं पैसे बाजूला टाकले होते. त्याने आडूनआडून विषय काढला, तेव्हा बायको भांडी पुसत होती.

"एवढं काय घुटमळताय?" ती म्हणाली. "न्या त्यांना. आणि पहिल्यांदा कुकरचं त्यांनाच सांगू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका."

दर गुरुवारी तो जोडीदाराला दंडाला धरून दोन जिने चढवायचा आणि बाहेर बाकावर बसून राहायचा. जोडीदाराने कधी आभार मानले नाहीत आणि त्यानेही वाट बघितली नाही. खोली झाली नाही. त्या पैशांत जोडीदाराच्या एकेचाळीस बैठका झाल्या.