रेषेबाहेरचं बाकडं

“आज वार कोणता? आपण कुठे आहोत?”

मैदानावर कोणा मुलीच्या डोक्याला मार लागला की सर तिच्यासमोर गुडघे टेकून बसायचे आणि हेच विचारायचे. मराठी त्यांना तेवढंच नीट यायचं. आणि उत्तर चुकलं तर, “बाहेर बस.” म्हणजे रेषेबाहेरच्या बाकड्यावर. मग रडून-भांडून उपयोग नसे.

नाशिकला द्वारकेच्या चौकात रस्ता ओलांडायला बिचकणारा, चुरगळलेल्या कानांचा आडदांड गोरा माणूस तुम्हीही पाहिला असेल. तेच ते. कधीकाळी आयर्लंडच्या संघातून रग्बी खेळलेले. इथे कळवण-सुरगाण्याच्या मुलींना शिकवायचे. मी त्यांची दुभाषी. मी तशी अबोल, पण दुसऱ्याचं बोलणं बोलायचं असल्याने मला ते काम जमायचं.

मुलींनी त्या प्रश्नाची थट्टा करून टाकली होती. भाजीत मीठ विसरलं तरी, “काय गं, आज वार कोणता?”

एकदा सरांनी कर्णधार रंजनालाच बाहेर बसवलं. ती फणकारली, “मला काय नाय झालं. लय घाबरता सर तुम्ही.”

सरांनी मोबाइलवर जुना सामना लावला. एक खेळाडू डोक्यावर आपटतो, झोकांड्या खात उठतो, आणि शेवटी चेंडू रेषेपार टेकवतो. प्रेक्षक वेडे होतात.

“हा मी. माझ्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा दिवस,” सर म्हणाले आणि मी ते मराठीत सांगत गेले. “मला त्यातलं काहीच आठवत नाही. मला कोणी बाहेर बसवलं नाही.”

तेव्हापासून माझं त्यांच्याकडे लक्ष राहू लागलं. चहात ते दोनदा साखर घालायचे. मला स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारायचे. फाटकाबाहेर आल्यावर डावीकडे की उजवीकडे, थबकायचे. मी विचारलं तर म्हणायचे, “ऊन फार आहे.” आभाळ भरलेलं असायचं.

एका सकाळी त्यांनी सराव संपवला आणि तोच पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. मुली हसल्या. मग हसू विरलं. सर बुटाची नाडी बांधायला खाली बसले, तेव्हा रंजना त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली.

“सर, आज वार कोणता?”

“शनिवार.” शनिवारच होता. मला हायसं वाटलं.

“आपण कुठे हाय?”

ते पांडवलेण्यांच्या डोंगराकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी आयर्लंडमधल्या आपल्या गावाचं नाव सांगितलं.

मुलींनी माझ्याकडे पाहिलं. हे मराठीत सांगायची गरज नव्हती. त्यांना कळलं होतं.

रंजनाने हात पुढे केला. “शिट्टी द्या, सर. बाहेर बसा.”

त्यांनी वाद घातला नाही. बाकड्यावर जाऊन बसले.

त्यांची बहीण आयर्लंडहून येऊन त्यांना घेऊन गेली. सराव अजून चालतो. मार लागलेली मुलगी त्या बाकड्यावर बसायला गेली की आधी एका टोकाला सरकते, शेजारी भरपूर जागा ठेवून.