बंद पाठीची भट्टी

लोहारकाम शिकावेसे मला वाटले तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षे झाली असतील. धरमपेठेतल्या एका शाळेत मी पदार्थविज्ञान शिकवीत असे. उष्णतेचे धडे वर्षानुवर्षे दिले, पण तापलेले लोखंड हाताळले नव्हते. सक्करदऱ्याच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका लोहाराचे छप्पर होते. दर रविवारी सकाळी मी तिथे जाऊन नुसता उभा राहत असे. लोहार अबोल होता. भाता ओढायची ती त्याची बायको, आणि दोघांच्या वाटचे बोलायचीही तीच.

"काहून लाजून राहिले गा मास्तर? लोखंड काय तुमाले पाहाले आलं हाय?" असे म्हणत एके दिवशी तिनेच माझ्या हाती हातोडा दिला.

दुसऱ्या वर्षी तिचा खोकला बळावला. कोळशाचा धूर छातीत जाऊ देऊ नका, एवढेच डॉक्टर म्हणाले. पण भाता ओढायला घरात दुसरे कोणी नव्हते, आणि भाता थांबला की भट्टी थांबणार.

मी कोणाला न सांगता माझ्या परसात एक भट्टी बांधायला घेतली. पत्र्याचा जाड डबा, आतून विटांचा चुरा आणि चिकणमाती यांचा लेप, जुन्या गॅसबत्तीची टाकी आणि स्टोव्हचे दोन बर्नर. पंप मारला की रॉकेलची वाफ होई आणि ती गॅससारखी निळी जळे. भाता नको, कोळसा नको. उष्णता वाया जाऊ नये म्हणून मी मागची बाजू पक्की बंद केली. शास्त्राप्रमाणे ते योग्यच होते. किती लांबीचे काम आत जायला हवे, हे मात्र मी लोहाराला विचारले नाही. विचारायचा मला संकोच वाटला.

पेरणीच्या तोंडावर ती भट्टी रिक्षात घालून नेली. छपरात शेतकरी खोळंबले होते, आणि त्यांच्या वखरांच्या पासा, म्हणजे दोन-दोन हात लांब लोखंडी पाती, भिंतीशी रांगेने उभ्या होत्या.

"याले भाता नाई? मंग मी काय बसून राहू?" ती हसली, आणि हसता हसता खोकत राहिली.

लोहाराने आधी आत धरलेला विळा पाहता पाहता लाल झाला. मग त्याने एक पास आत सरकवली. ती मागच्या भिंतीला अडली. निम्म्याहून अधिक बाहेरच राहिली.

"शिकेल मानसाची भट्टी हाय, अर्धंच पोट हाय इले," एक शेतकरी म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो आणि भट्टी परत घेऊन आलो.

मागे भोक पाडायला अर्धा तास पुरला असता. मी तीन रविवार घरी बसलो. आकृत्या काढल्या, खोडल्या, पुन्हा काढल्या. कोणाला नावच ठेवता येणार नाही अशी भट्टी झाल्याशिवाय तिथे जायचे नाही, असे मी ठरवले होते.

चौथ्या रविवारी मागे भोक पाडलेली भट्टी घेऊन गेलो तेव्हा भिंतीशी एकच पास उरली होती. लोहाराची बायको बाहेर खाटेवर पडून होती. श्वासाचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

"तिनंच ओढला भाता," लोहार म्हणाला. "हंगाम थांबते का?"

त्याने उरलेली पास माझ्या भट्टीत घातली. ती आरपार गेली. पुढे-मागे सरकवीत त्याने ती या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल केली. खाटेवरून तिने मान उचलून पाहिले.

"जमलं गा मास्तर. लवकर काहून नाई आले?"

"परीक्षेचे पेपर तपासायचे होते," मी म्हणालो. शाळेला तेव्हा महिनाभर सुट्टी होती, आणि तिला ते ठाऊक होते.

"असन बा," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

पोळ्याच्या आधीच ती गेली.