दुसरीकडून खात्री

त्यांचं नाव मी विचारलंच नाही, कारण सगळा रस्ताभर मीच बोलत होतो.

दिंद्रुडहून बीडला जाणाऱ्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले. पांढरं धोतर, मांडीवर पिशवी आणि डोळे मिटून ऐकायची सवय. मला वाटायचं, झोपले. पण मी थांबलो की एक डोळा उघडायचा आणि पुढचा प्रश्न यायचा.

"कालेजात काय शिकवता?"

"माहिती व्यवस्थापन. विद्यापीठाचा अभ्यासक्रम आहे."

"त्यात शिकवायसारखं काय हाय?"

झालं. माहिती कशी गोळा करायची, कशी लावून ठेवायची, हे मी सांगत सुटलो. तेलगाव गेलं, वडवणी गेलं. शेवटी म्हणालो, "एकाच ठिकाणी कळलेल्या गोष्टीवर विसंबायचं नाही. दुसरीकडून खात्री करायची."

"आमीबी तसंच करतो," म्हणत ते पहिल्यांदा हसले.

बीडच्या स्टँडवर उतरल्यावर त्यांनी पिशवी काखेत मारली. "पोरगं चांगलं हाय, पन लई बोलतं, असं तुमच्या गावात कळलं. म्हनून तुमच्याच गाडीत बसलो."

मागच्याच आठवड्यात मी कडा गावची मुलगी बघून आलो होतो; तेव्हा हे तिथे नव्हते. मला ती फार आवडली होती, आणि तिच्या घरच्यांकडून उत्तर यायचं होतं.

"मग?" एवढंच मी विचारू शकलो.

"खरं हाय," ते चालायला लागत म्हणाले. "पन चालतंय. आमची पोरगीबी गप बसत न्हाई."