थंडोबाची तापट गाडी

थंडोबा,

अक्षरं ओळ सोडून भटकली असतील तर दोष माझ्या हाताला देऊ नकोस, तुझ्या गाडीला दे. लिहिलेलं मला परत वाचता येत नाही, म्हणून खाडाखोडही नाही. आणि तुला ‘तू’ म्हणत सांगायला बसले, तर तू ‘ताई, तसं नव्हतं ते’ करत मध्ये तोंड घालशील. तेव्हा गोष्टीपुरता तू ‘तो’ आणि मी ‘त्याची ताई’. बायकोला मोठ्यांदा वाचायला सांग. तिला मजा येईल.

तर हा गृहस्थ चौतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात होता, त्यातली शेवटची एकोणीस शीतगृहाचा मुख्य म्हणून. सगळं शास्त्र त्याच्या लेखी तीन शब्दांत मावायचं: फट दिसली, बुजव. रोज सकाळी दारांच्या कडांवरून उलटा हात फिरवत जायचा आणि जिथे गार झुळूक लागेल तिथे दाबलेल्या लोकरीच्या नमद्याची पट्टी ठोकायचा. घरीसुद्धा कोणी फ्रिज उघडून घटकाभर विचार करत उभं राहिलं, की मागून आवाज यायचा, “आधी ठरवावं, मग उघडावं.” कारखान्यातल्या लोकांनी त्याला थंडोबा म्हणायला सुरुवात केली. ती थट्टा आहे हे त्याच्या कधी लक्षात आलं नाही. त्याला ती पदवी वाटली.

निवृत्त झाल्यावर त्याने गाडी घेतली. दोन माणसांची, जवळपास त्याच्याच वयाची, लांबलचक बॉनेटची, शर्यतीत पळायला जन्मलेली. इतकी बुटकी, की आत बसायचं म्हणजे आधी गुडघ्यांची परवानगी काढायची. रंग लालभडक. साठी उलटलेल्या माणसाला लाल रंग का सुचतो, याबद्दल त्याच्या बायकोचं एक मत आहे, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गाडी पळायची झकास. फक्त चौथ्या सिग्नलला उकळायची.

“इंजिन ठणठणीत आहे,” तो म्हणाला. “प्रश्न नुसता उष्णतेचा आहे, आणि उष्णता हा माझा विषय आहे.”

“मग झालंच की,” बायको म्हणाली. “या घरात तापायची परवानगी आता फक्त हिलाच.”

बॉनेटच्या दोन्ही बाजूंना माशाच्या कल्ल्यांसारख्या सहा-सहा फटी होत्या. इंजिन चालू ठेवून त्याने त्यांच्यावरून उलटा हात फिरवला. हाताला वारा लागला. बस, एवढं पुरे होतं! पुढून आलेली हवा अशी बाहेर निसटते म्हणजे काय? त्याने आतून नमदा चिकटवला, खिळे मारल्यासारखा घट्ट. गाडी तिसऱ्या सिग्नलला उकळायला लागली. मग मोठा पंखा आला. मग त्याच्या जोडीला दुसरा पंखा. मग नवा पंप. आणि दर सुधारणेनंतर नमद्याचा आणखी एक थर, कारण कुठून तरी गळतंय ही शंका त्याच्या मनातून जाईना. एकदा तर जुन्या कारखान्यातून बर्फाची लादी आणून त्याने रेडिएटरसमोर दोरीने बांधली. गाडी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ठिबकत गेली आणि तिथे वाफ सोडून उभी राहिली.

याच सुमारास त्याच्या ताईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ताई घाटावर एकटी राहते, आणि वाचणं सोडून तिला दुसरं व्यसन नाही. चष्मा खालच्या शहरात झाला. थंडोबाने तो दुकानातून घेतला आणि फोन केला.

“ताई, चष्मा तयार. मी घेऊन येतो.”

“बसच्या ड्रायव्हरकडे दे की. रोज येतो तो.”

“काच आहे ती! मी स्वतः आणणार. गाडीने.”

“कुठल्या गाडीने?”

तो म्हणाला, “पोचते गं ती.”

“पोचली की कळव.”

पहिल्या खेपेला गाडी घाटाच्या तिसऱ्या वळणावर उकळली. मागून आलेल्या ट्रकवाल्याने मान बाहेर काढून विचारलं, “काका, किती माणसांचा स्वयंपाक?” दुसऱ्या खेपेला त्याने पाण्याचे आठ डबे सोबत घेतले आणि पाचव्या वळणापर्यंत ते सगळे संपवले. तिसऱ्या खेपेला बायकोला घेतलं. तिसरं वळण येईपर्यंत तिचे तळपाय भाजून निघाले होते. गाडी थांबली, वाफ उसळली, आणि तेवढ्यात वर जाणारी बस मागे येऊन उभी राहिली.

“द्या तो चष्मा,” बायको म्हणाली. “मी अशीच वर जाते आणि त्यांच्या हातात देऊन येते.”

“मग गाडी कशाला आणली आपण?”

“तेच विचारतेय मी.”

त्याने चष्मा दिला नाही. बायको चपला हातात घेऊन खाली जाणाऱ्या बसने घरी गेली. तो तिथेच बसून राहिला आणि वहीत दर दहा मिनिटांनी उष्णतेचा काटा कुठे आहे ते टिपत राहिला. काटा कुठेच नव्हता, चकतीबाहेर गेला होता. ताई वर भिंगाने वर्तमानपत्राचे मथळे वाचत होती. मथळ्यांखाली काय असतं ते तिला त्या महिन्यात कळलंच नाही.

गाडी ओढून आणली ती एका बोळातल्या म्हाताऱ्याकडे. गळके पितळी रेडिएटर कथलाचा डाग देऊन सांधण्यात त्याचा जन्म गेला होता. थंडोबाने त्याला आधी शीतगृहावर व्याख्यान दिलं. म्हाताऱ्याने ते ऐकत ऐकतच गाडीतली चिंध्या, डबे, वही, चष्म्याचं घर अशी सगळी अडगळ उचलून फळीवर ठेवली. मग बॉनेट उघडलं आणि बराच वेळ नुसतं बघत राहिला.

“साहेब, तुम्ही श्वास घेता का?”

“म्हणजे काय?”

“घेता ना? सोडतापण ना?”

थंडोबाने नकळत एक श्वास सोडला.

“तिकडे तुम्हाला गारवा कोंडायचा होता. इथे गरम वारं हाकलायचंय. दारं तुम्ही लावून घेतलीत, ते जाणार कुठून?” म्हाताऱ्याने पेचकस घालून नमदा उपसायला सुरुवात केली. गुंडाळ्याच्या गुंडाळ्या निघाल्या, करपलेल्या, तेलकट. “घरी गादी भरायची असेल तर घेऊन जा.”

चौतीस वर्षांचं शास्त्र बोळातल्या गटारापाशी ढीग होऊन पडलं. थंडोबाच्या कानशिलांना तेव्हा जी उष्णता जाणवली, ती वहीत नोंदलेली नाही. “मीसुद्धा तो काढणारच होतो,” एवढंच तो म्हणाला.

“हो ना,” म्हातारा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाडी घाट चढली. तिसरं वळण गेलं, पाचवं गेलं, काटा मधोमध खिळल्यासारखा. सगळ्या वळणांवर कारण नसताना हॉर्न वाजवत तो ताईच्या फाटकाशी आला.

“ताई! अगं बाहेर ये! आधी काटा बघ!”

“घड्याळाएवढ्या चकतीतला काटा मला कुठून दिसणार? चष्मा दे, मग बघते.”

त्याने खिसे चाचपले. समोरचा कप्पा उघडला. सीटखाली हात घातला. लाल गाडीच्या शेजारी त्याचं तोंड पांढरं पडलेलं तेवढं ताईला चष्म्याशिवायही दिसलं.

“डागवाल्याच्या फळीवर,” तो म्हणाला. “उद्या आणतो.”

संपली गोष्ट. आता पुन्हा तू.

त्या उद्याला अकरा महिने झाले. तू नऊ वेळा वर येऊन गेलास, दोनदा जुन्या गाड्यांची हौस असलेल्या तुझ्या मित्रांना घेऊन, एकदा गाडीला मिळालेला कप दाखवायला. दर वेळी “अगं, राहिलंच.” तुझी बायको सांगते, तो चष्मा आता म्हातारा घालतो. नंबर अगदी जुळला, डाग बारीक पडतो म्हणे. पडू दे, त्याने तो कमावलाय. बायको स्वतः जाऊन आणायला निघाली होती, तिला मीच अडवलं. मला दुसरा करून घेता येत नाही असंही नाही. पण मग तू सुटशील.

परवा आलास तेव्हा मी पुन्हा विचारलं. तू माझा हात धरून बॉनेटवर ठेवलास आणि म्हणालास, “बघ, घाट चढून आलीय, भाजतंय का?”

भाजलं नाही, खरंच. चष्मा मात्र नव्हता.