एका गाडीत दोन कंडक्टर

आमच्या तात्यांनी पाहुण्याला कधी 'आता निघा' म्हटलं नाही. त्यांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरापुढे, कडुलिंबाला त्यांनी भंगारातून आणलेली एसटीची घंटा टांगली होती आणि तिची दोरी बाजेपर्यंत ओढून आणली होती. पाहुणा आला की दोरी एकदा ओढायची. पाहुण्याचा कंटाळा आला की दोनदा. दोन घंटा म्हणजे गाडी सुटली. नवा माणूस हसून तसाच बसून राहायचा. मग तात्या पुन्हा दोनदा ओढायचे आणि म्हणायचे, "मागून रिकामी गाडी येतीय, तिच्यात बसा." सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी चहाच्या आधी डबल बेल दिली. मेव्हणा दिवाळीपर्यंत बोलला नाही. तात्या म्हणाले, "लय शांत प्रवास झाला."

तात्या माझे धाकटे दीर. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केली, बहुतेक परभणी-पाथरी रस्त्यावर. नोकरी संपली तेव्हा बायको वारलेली होती आणि एकुलती एक मुलगी, मीरा, लग्न होऊन बंगळुरूला गेली होती. मी म्हटलं, गावातल्या घरी या. घरात मी आणि माझी सून कविता, दोघीच. मुलगा बाहेरगावी कामाला.

"न्हाई वैनी," ते म्हणाले. "सगळी उमर माणसाच्या काखंत डोकं घालून काढली. आता मला रिकामी गाडी पाह्यजे."

आणि गेले आखाड्यावर. आखाडा कालव्याच्या पलीकडे, खोलगट जागी. फोनला रेंज नाही. आमच्या स्लॅबवर उभं राहिलं की त्यांच्या लिंबाचा शेंडा आणि घराचे पत्रे तेवढे दिसतात. त्यांना ते बरं वाटायचं. फोन वाजत नाही म्हणजे कोणी चढत नाही, असा त्यांचा हिशेब होता.

मीराला मुलगी झाली आणि तो हिशेब मोडला. ओवी नाव ठेवलं. पोर गोड, पण झोपेची वैरी. एकदा संध्याकाळी तात्या आमच्याकडे आले असताना मीराचा व्हिडिओ कॉल आला. पोर किंचाळत होती, मीरा रडकुंडीला आली होती. मी अंगाई म्हणून पाहिली, पोर आणखी ओरडली. माझा आवाज चांगला नाही, तिचं काही चुकलं नाही. तात्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि त्यांना जे येत होतं ते म्हणायला लागले. "परभणीऽ, कोल्हाऽ, मानवत रोडऽ, मानवतऽ, रत्नापूरऽ..." पाथरी यायच्या आत पोर झोपली. मीरा म्हणाली, "बाबा, रोज म्हणा."

झालं. म्हातारा रोज संध्याकाळी सायकल मारत आमच्याकडे यायला लागला. ओवीला दात येत होते तेव्हा पाथरीवर भागेना, सेलूवरून देवगाव फाट्यापर्यंत जावं लागायचं. परतताना एकदा सायकलसकट कालव्याच्या चारीत पडले. तरी दुसऱ्या दिवशी हजर. वर म्हणाले, "गाडी पलटी झाली तरी ड्युटी सुटत न्हाई."

शेवटी मानवतच्या नासीरला बोलावलं. आमच्या घरी नेट त्यानंच लावलेलं. त्यानं दोन पांढरे डबे आणले. एक आमच्या स्लॅबवर खांबाला बांधला, एक आखाड्यावर. दोघांची तोंडं एकमेकांकडे. आमच्या घरचं नेट ह्या डब्यातून त्या डब्यात हवेतून जाणार. नासीर त्याला वायरलेस ब्रिज म्हणायचा. मला त्यात पूलबिल काही दिसला नाही. मला ते रुसलेल्या नवरा-बायकोसारखे दिसले, एकमेकांकडे बघत गप्प. पण चाललं. तात्या बाजेवर पडून ओवीला पाथरीला पोचवायला लागले.

इथं कविताचं सांगायला पाहिजे. ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकते. माझी तक्रार ऐकायला घरात माणूस मिळत नाही, हिला ऐकण्याचा पगार मिळतो. नेट गेलं की तिचं काम गेलं.

आणि दसऱ्याला नेट गेलं.

गेलं म्हणजे पूर्ण गेलं असतं तर बरं होतं. कविताचा लॅपटॉप चालायचा तेव्हा माझा फोन बंद. माझा चालला की तिचा बंद. फोनवर नेट जोडल्याची खूण दिसायची, आत काही यायचं नाही. आखाड्यावर तर काहीच नाही. तात्या सायकल दामटत आले आणि घराचा ताबा घेतला.

"गर्दी झाली हाय," ते म्हणाले. "आधी उतरणाऱ्याला उतरू द्या. सगळे फोन बंद करा."

"तात्या, माझं काम चालू हाय," कविता म्हणाली.

"बाई, तू दारात हुबी हायस. मधी सरक."

सगळं बंद केलं. मग त्यांनी एकेक चालू करायला लावलं. कविताचा लॅपटॉप चढला. माझा फोन चढला. मग टीव्ही चढला आणि लॅपटॉप उतरला. तात्यांनी टीव्हीला खाली उतरवलं. "हा बिगरतिकिटाचा हाय," म्हणाले. तासभर हा खेळ. मी हसून हसून खांबाला टेकले आणि कविता माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच टीव्ही आहे.

नासीर आला, स्लॅबवर जाऊन काहीतरी केलं, सगळं नीट झालं. आम्ही विसरलो.

लक्ष्मीपूजन झालं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ह्या वेळी नासीर सासुरवाडीला गेलेला. त्याचा पाडवा नसला तरी सुट्टी असते. कविताला साहेबानं झाडलं. तिकडे ओवी झोपेना. आमचं घरही बंद, आखाडाही बंद. कालव्याच्या भरावावर एका ठिकाणी फोनला बरी रेंज येते, तिथे तात्या संध्याकाळी जाऊन उभे राहिले. तिथे वारा असतो म्हणून ओरडावं लागतं. म्हातारा भरावावर एकटा उभा आणि बोंबलतोय, "मानवत रोडऽऽ! मानवत रोडवाले पुढं याऽऽ!" खालून एक मेंढरंवाला चालला होता. त्यानं मान वर करून विचारलं, "तात्या, मेंढरं चालतेल का?"

"अर्धं तिकीट लागंल," तात्या म्हणाले. फोनमध्ये ओवी खदखदून हसली आणि त्या दिवशी काही झोपली नाही.

नासीर आला तेव्हा कवितानं सगळ्यांदेखत सांगितलं, "नासीरभाई, तुमचा हा ब्रिज लावल्यापासून हे होतंय. पुन्हा एकदा झालं तर डबा काढून न्या. माझी नोकरी जाईल."

तिचं बरोबर होतं. मी तात्यांची बाजू घेतली नाही. तात्यांनी कविताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.  डबा गेला तर ओवीची गाडी बंद, हे त्यांना कळत होतं. रोज सायकल मारायचं वय आता राहिलं नव्हतं, हेही.

नासीर वरून खाली आला आणि डोकं खाजवत म्हणाला, "मावशी, डब्याच्या खाली एक बारीक छिद्र असतंय. त्यात पिन घालून दाबून धरलं की डबा सगळं शिकवलेलं विसरतो. दोन्ही वेळेला तसंच झालंय. कोणीतरी शरारत करायलंय."

तात्या तर भडकले. "कोण हाय तो नालायक? सापडू दे. पंच करतो त्याच्या कानाला!" त्यांना वानरांचा संशय आला. मी म्हटलं, "भावजी, वानरानं पिन कुठून आणली?" तर म्हणाले, "वैनी, तुमाला वानर माहीत न्हाई. माझ्या गाडीत चढायचे." दुसऱ्या दिवशी काठी घेऊन स्लॅबवर पहाऱ्याला बसले.

दुपारी खाली येऊन मला म्हणाले, "वैनी, कुकवाचा करंडा द्या. नारळ फोडतो. डब्याला नजर लागली हाय." मी दिला. कविता आत कामावर होती. तात्या वर गेले. थोड्या वेळानं आतून कविता ओरडली, "गेलं! आत्याबाई, पुन्हा गेलं!"

वर तात्यांशिवाय कोणी नव्हतं. मी गुडघ्यांना शिव्या देत जिना चढले. तात्या डब्यापुढे डोळा बारीक करून उभे, आणि सदऱ्याची सेफ्टी पिन डब्याच्या बुडाशी घातलेली.

"भावजी, काय करायलाव?"

"कुकू गेलं वैनी छिद्रात. कोरून काढायलोय. पूजा करावी तर सोच्छ करावी."

"खंडेनवमीला कोरलं होतं?"

"मंग!"

"लक्ष्मीपूजनाला?"

"त्या दिवशी तर लय आत गेलं होतं. चांगलं दाबून धरावं लागलं."

मी तिथेच टाकीच्या कट्ट्यावर बसले.  दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीला, आमच्याकडे विळा, कुऱ्हाड, पंप, मोटारसायकल, सगळ्याची पूजा होते. तात्यांनी मानानं डबाही पुजला होता. लक्ष्मीपूजनालाही. दर वेळी बोटभर कुंकू, आणि दर वेळी साफसफाई. कविता तावातावानं वर आली, पिन बघितली, माझ्याकडे बघितलं. तिला रागवायचं होतं, पण तोंड उघडलं तर हसूच बाहेर आलं. आम्ही दोघी सासू-सुना स्लॅबवर बसून इतक्या हसलो की शेजारीण वर येऊन विचारायला लागली, कोण आलंय.

तात्या तेवढे हसत नव्हते. त्यांना काही कळलंच नव्हतं. कवितानं नासीरला फोन लावला आणि मोठ्यानं बोलायला सांगितलं.

नासीर म्हणाला, "तात्या, असं बघा. घरातल्या फोनला, टीव्हीला, सगळ्याला एकेक नंबर द्यायचं काम खालच्या नेटच्या मशीनचं. वरचा डबा फक्त नेट पुढं पाठवतो. तुमी पिन घातली की तो विसरतो आन स्वतःलाच मालक समजून तोबी नंबर वाटायला लागतो. ज्यानं त्याच्याकडून नंबर घेतला त्याचं नेट बंद."

तात्यांचा चेहरा पडला. "म्हंजे एका गाडीत दोन कंडक्टर?"

"हां, तसंच."

"आन एकाच शिटाचं तिकीट दोघाला?"

"कधीकधी तेबी होतं."

नांगरणीत बैल बसावा तसे तात्या मटकन खाली बसले. दुसरं काही त्यांना लागलं नसतं, हे लागलं. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि कविताला म्हणाले, "बाई, गाडी मीच पलटी केली. तुझी नोकरी मोठी हाय. सांग नासीरला, डबा घिऊन जा म्हणून." आयुष्यात ह्या माणसानं चूक कबूल केलेली मी तेवढीच पाहिली. बायकोसमोरही नाही.

कविता डोळे पुसत होती, हसून आलेले. ती म्हणाली, "तात्या, पिन इकडं द्या."

त्यांनी दिली. तिनं ती आपल्या पदराला लावली.

"आता त्या छिद्रावर चिकटपट्टी मारायची. आन पूजा लांबून. डब्याला हात लावायचा न्हाई. कबूल?"

"कबूल."

"मग डबा राहू द्या."

पुढच्या नवमीला तात्या अटीप्रमाणे लांब उभे राहिले आणि तिथून डब्यावर कुंकू उधळलं. वारा समोरून होता. डब्याला कणभर लागलं नाही. तात्या, मी आणि चहाला आलेला नासीर असे तिघे लाल झालो. नासीर तसाच मानवतला गेला. त्याच्या बायकोनं काय विचारलं ते त्यानं सांगितलं नाही.

तात्या गेल्या उन्हाळ्यात गेले. दुपारी बाजेवर झोपले ते उठले नाहीत. माणसाला असं मरण आलं तर त्यात रडण्यासारखं काही नाही, आणि मी रडले नाही. आखाड्यावर माणसं मावेनात, बाजेला गराडा पडला. मीच म्हटलं, "पुढं सरका, मधी जागा हाय." काही लोकांना ते आवडलं नाही.

सगळं उरकल्यावर नासीर डबे काढायला आला. आखाड्यावर आता कोण राहणार होतं? कविता म्हणाली, "राहू द्या." कोणासाठी, ते तिनं सांगितलं नाही. ते संध्याकाळी कळलं. ओवी आता चांगली बोलते. तिनं मीराला सांगितलं होतं की गाडी लिंबाखालूनच सुटते, घरून सुटत नाही. कवितानं मला स्कूटीवर मागे बसवलं आणि आखाड्यावर नेलं. बाजेवर बसवलं, फोन हातात दिला.

मी ह्या रस्त्यानं जन्मभर गेले, पण खिडकीला डोकं टेकून झोपून. म्हणायला लागले, "परभणी, मानवत रोड, मानवत..."

"आजी, कोल्हा राहिला," ओवी म्हणाली. "गाडी मागे घे."

घेतली मागे. कोल्हा घेतला. रत्नापूर विसरले, पुन्हा मागे घेतली. कविता तोंडाला पदर लावून हसत होती. मी घामाघूम झाले. एवढी गाडी तात्यांनीही कधी मागे घेतली नसेल.

पाथरीच्या आधी ओवी जांभई देत म्हणाली, "एक घंटा दे."

"का गं? इथं थांबा न्हाई."

"तात्या चढायचेत."

मी दोरी एकदा ओढली. घंटा वाजली. आम्ही तिघी थांबलो. वारा नव्हता, लिंब हलत नव्हता. ओवी डोळे मिटून वाट बघत होती.

मग म्हणाली, "चढले. डबल दे."

मी दिली.